मुरमाची जागा

वाशीम जिल्ह्यात कुठे नवी विहीर खणली जात असेल, तर बांधकाम चढण्याआधी तिची उघडी कड निवांत पाहावी. वर काळी माती, तिच्या खालच्या भागात चुनखडीचे पांढरट खडे, मग मुरूम, तळाशी काळा पाषाण. जमिनीचा भाव काळीवरून ठरतो. या रचनेतली सर्वांत सरस जागा मात्र मुरमाची आहे.

ही रचना खालून वर लावावी लागते. तळचा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. निवताना तो आकसला, त्याला सांधे पडले. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल झालेलं पावसाचं पाणी त्या सांध्यांत मुरतं. सांध्यांमधल्या ठोकळ्याचे कोपरे सगळ्या बाजूंनी झिजतात, ठोकळा गोल होतो आणि कांद्यासारखे पापुद्रे सोडू लागतो. मुरमात असे गोटे जागोजागी सापडतात. कवच तांबूस-पिवळं, बोटांनी चुरगळणारं. गाभा निळसर काळा, घणालाही दाद न देणारा. पाषाणातलं ऑलिव्हिन हे खनिज सर्वांत आधी विघटतं, सुटलेलं लोह गंजून रंग चढवतं. दगड नेमका कुठे संपला आणि माती कुठे सुरू झाली, हे बोट ठेवून सांगता येत नाही. मुरमाची सगळी गोडी या संदिग्धतेत आहे.

काळीचा थाट निराळा. रंग पाहून वाटतं तेवढा सेंद्रिय कर्ब तिच्यात नसतो. बहुधा 1 टक्क्याच्या आतच. तिचं बळ फुगणाऱ्या चिकणमातीत. उन्हाळ्यात ती भेगाळते, वरची माती भेगांत घरंगळते. पावसात भेगा मिटल्या की आतला दाब खालची माती वर रेटतो. औत न लावता ती स्वतःला उलथत राहते. दगडातून सुटलेलं कॅल्शियम खाली झिरपून त्याची चुनखडी होते.

अजिंठा रांगेच्या उतारांवर मात्र हा वरचा थर टिकत नाही. तिथे वीतभर बरड, की लगेच मुरूम. वाहून गेलेली माती पैनगंगेकाठच्या भारी जमिनीत जमा होते. तरीही उतारावरचा मुरूम निकामी समजू नये. काळी गेली तरी मुरूम झिजून तिथे नवी माती घडू शकते. एका इंचाला शेकडो वर्षं लागतात, एवढंच. रस्त्याच्या भरावासाठी तो ट्रॉलीत भरला जातो, तेव्हा त्याच्याबरोबर तेवढी वर्षंही उचलली जातात.