अवैध टिचकीचा शोध आणि वैधतेचा प्रश्न : नेटिव्ह जाहिरात व्यवस्थेची एक चिकित्सा

प्रास्ताविक :

छापील वृत्तपत्रात जाहिरातीचा दर सामान्यतः कॉलम-सेंटिमीटरवर ठरतो. ती जाहिरात किती वाचकांनी पाहिली आणि किती जणांनी न पाहताच पान उलटले, याचा जाहिरातदाराला केवळ अंदाज बांधता येतो. इंटरनेटवरील जाहिरातीने ही अनिश्चितता संपविल्याचा दावा केला. वाचकाने जाहिरातीवर टिचकी मारली, म्हणजेच 'क्लिक' केले, तरच पैसे द्यावयाचे, हा करार जाहिरातदाराला स्वाभाविकच आकर्षक वाटला. परंतु टिचकीला किंमत येताच खोट्या टिचकीलाही किंमत आली. अशा टिचक्या ओळखणे आणि रोखणे हा आज स्वतंत्र व्यवसाय झाला आहे.

प्रस्तुत लेखात नेटिव्ह जाहिरातींच्या संदर्भात या व्यवस्थेची चिकित्सा केली आहे. 'टिचकी कोणी मारली' या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ही व्यवस्था बरीच प्रगत झाली आहे. 'टिचकी का मारली गेली' हा प्रश्न मात्र तिने जवळजवळ बाजूला ठेवला आहे. नेटिव्ह जाहिरातीच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

नेटिव्ह जाहिरातीचे स्वरूप :

आसपासच्या मजकुराचे रूप धारण करणारी जाहिरात म्हणजे नेटिव्ह जाहिरात. वृत्तसंकेतस्थळावरील लेख संपला की त्याखाली छायाचित्रे आणि मथळे यांच्या चौकटी दिसतात. त्यांतील काही चौकटी त्याच संकेतस्थळावरील अन्य लेखांच्या असतात, तर काही पैसे घेऊन लावलेल्या असतात. अक्षरांचे वळण, छायाचित्राचा आकार, मथळ्याची धाटणी हे सारे सारखेच असते. फरक सांगणारा 'प्रायोजित' हा शब्द बारीक टाइपात एका कोपऱ्यात असतो. आउटब्रेन (२००६) आणि टाबूला (२००७) या कंपन्यांनी ही पद्धत जगभर रुजवली. जाहिरातदार प्रत्येक टिचकीमागे जाहिरात-जाळ्याला रक्कम देतो आणि जाळे त्यातील वाटा संकेतस्थळाच्या मालकाला देते. म्हणजेच टिचक्या वाढल्या की जाळे आणि मालक या दोघांचेही उत्पन्न वाढते. पुढील विवेचनात हा मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मजकुराच्या वेषातील जाहिरात इंटरनेटच्या आधीही होती. भारतीय प्रेस कौन्सिलच्या उपसमितीचा २०१० मधील 'पेड न्यूज'विषयीचा अहवाल याच वृत्तीच्या छापील रूपाशी संबंधित होता. अमेरिकेत 'द अटलांटिक' या नियतकालिकाने जानेवारी २०१३ मध्ये सायंटॉलॉजी पंथाचा प्रायोजित मजकूर आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केला आणि वाचकांच्या रोषामुळे तो काढून टाकला. बातमीवर असणारा विश्वास उसना घेऊन जाहिरात चालविणे, हे या प्रकाराचे मर्म आहे.

शोधाच्या पद्धती आणि त्यांचे यश :

अमेरिकेतील मीडिया रेटिंग कौन्सिल या संस्थेने २०१५ मध्ये अवैध रहदारीविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि २०२० मध्ये त्यांत सुधारणा केली. त्यांत अवैध रहदारीचे दोन वर्ग कल्पिले आहेत. पहिला 'सामान्य' वर्ग. शोधयंत्रांचे ज्ञात स्वयंचलित कार्यक्रम, तसेच माहिती-केंद्रांतील यंत्रांकडून येणारी रहदारी ही यात मोडते व ती यादी लावून गाळता येते. दुसरा 'परिष्कृत' वर्ग. यातील यंत्रे माणसाचे सोंग घेतात, त्यामुळे ती केवळ यादीने सापडत नाहीत.

या दुसऱ्या वर्गासाठी अनेक खुणा एकत्र तपासाव्या लागतात. पान उघडणे आणि टिचकी मारणे यांत किती वेळ गेला, माऊसची हालचाल माणसासारखी वाकडीतिकडी आहे की आखल्यासारखी सरळ आहे, ब्राउझर स्वतःचे जे नाव सांगतो त्याप्रमाणे तो वागतो का, माणसाला न दिसणाऱ्या दुव्यावर टिचकी पडली का, टिचकीनंतर पान प्रत्यक्ष वाचले गेले का, या त्या खुणा होत. एखाद्या संकेतस्थळावरून टिचक्या पुष्कळ येतात पण खरेदी किंवा नोंदणी एकही होत नाही, असे आढळले की जाहिरातदार ते स्थळ आपल्या मोहिमेच्या काळ्या यादीत टाकतो.

या प्रयत्नांची गरज दोन खटल्यांवरून स्पष्ट होते. ती प्रकरणे प्रामुख्याने चित्रफितींच्या जाहिरातींची असली, तरी फसवणुकीचे तंत्र सर्वत्र लागू पडते. 'मेथबॉट' प्रकरणात माहिती-केंद्रांतील १,९०० हून अधिक सर्व्हर भाड्याने घेऊन त्यांना वाचकांसारखे वागायला लावले होते. खोटी माऊस-हालचाल, पान सरकविणे, चित्रफीत मध्येच थांबविणे या सर्व गोष्टी यंत्रे करीत होती. या प्रकरणी अलेक्सांद्र झुकोव्ह याला नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. २०१८ मध्ये उघड झालेल्या '3ve' प्रकरणात तर सामान्य नागरिकांचे सतरा लाखांहून अधिक संगणक विषाणूबाधित करून वापरले गेले. टिचकी खऱ्या घरातून, खऱ्या पत्त्यावरून येत होती. घरमालकाला मात्र त्याचा पत्ताच नव्हता. सबब, शोधव्यवस्था अनावश्यक आहे असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न तिच्या व्याख्येचा आणि मर्यादांचा आहे.

व्याख्येचा पेच :

'लेन्स गिफ्ट्स विरुद्ध गूगल' हा अमेरिकेतील अर्कान्सा राज्यातील दावा खोट्या टिचक्यांच्या आकारणीविषयी होता. २००६ मध्ये नऊ कोटी डॉलरपर्यंतच्या तडजोडीने तो मिटला. त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनी गूगलच्या गाळणीची तपासणी करून अहवाल दिला. गूगलचे प्रयत्न वाजवी आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तथापि त्याच अहवालात त्यांनी एक मूलभूत पेच मांडला. अवैध टिचकीची नेमकी, व्यवहारात वापरता येईल अशी व्याख्या जाहीर केली, तर लबाड लोक तिच्यातील पळवाटा शोधतील. ती गुप्त ठेवली, तर आपल्याकडून पैसे कशाचे घेतले, हे जाहिरातदाराला पडताळता येणार नाही.

या पेचाचा अर्थ केवळ तांत्रिक नाही. जी गाळणी उघड करता येत नाही, तिच्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आणि विश्वास ज्याच्यावर ठेवावयाचा, त्याचेच उत्पन्न टिचक्यांवर अवलंबून असते. याच अहवालात दुहेरी टिचकीचे उदाहरण आले आहे. संगणकावर दोनदा टिचकी मारण्याची सवय असलेला वाचक जाहिरातीवरही दोनदा टिचकी मारतो. २००५ पर्यंत गूगल त्या दुसऱ्या टिचकीचेही पैसे घेत असे. त्या वर्षी ती अवैध मानण्यास सुरुवात झाली. वाचक तोच होता, त्याचे बोटही तेच होते. बदलला तो केवळ नियम. यावरून असे दिसते की 'अवैध' ही टिचकीच्या अंगची नैसर्गिक खूण नसून तो एक निर्णय असतो, आणि प्रत्येक निर्णयाप्रमाणे त्यामागेही हितसंबंध असतात.

याला दिले जाणारे उत्तरही विचारात घ्यावयास हवे. खोट्या टिचक्या विकणाऱ्या जाळ्याकडे जाहिरातदार फार काळ टिकणार नाही, म्हणून गाळणी प्रामाणिक ठेवणे जाळ्याच्याही हिताचे आहे, असे सांगितले जाते. हे उत्तर अंशतः खरे आहे. पण ते ज्या टिचक्यांचा परिणाम जाहिरातदाराला मोजता येतो, त्यांनाच लागू पडते. शिवाय स्वतंत्र तपासणी विकणाऱ्या कंपन्याही पूर्णतः तटस्थ नसतात. फसवणूक जितकी मोठी दिसेल, तितकी त्यांच्या सेवेला मागणी अधिक.

हेतूचा प्रश्न :

वैधतेच्या निर्णयात वाचकाच्या हेतूला स्थान नाही, असेही म्हणता येत नाही. मोबाइलच्या लहान पडद्यावर बोट चुकून जाहिरातीवर पडते, हे ओळखून गूगलने २०१५ मध्ये जाहिरातीच्या कडेजवळच्या टिचक्या न मोजण्यासारखे उपाय जाहीर केले. म्हणजे बोट चुकले तर टिचकी गाळावी, हे तत्त्व या व्यवसायाला मान्य आहे. मग समज चुकली तर काय, हा प्रश्न अटळ ठरतो. जाहिरातीला बातमी समजून वाचकाने टिचकी मारली, तर तीही त्याच्या हेतूविरुद्धच असते.

असा गैरसमज अपवादात्मक नाही. जॉर्जिया विद्यापीठातील बार्टोश वोज्दिन्स्की आणि नॅथॅनिएल इव्हान्स यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील एका प्रयोगात २४२ जणांपैकी केवळ १७ जणांना समोरचा मजकूर जाहिरात असल्याचे ओळखता आले. 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असा स्पष्ट शब्द वापरला असता ओळखण्याचे प्रमाण वाढते, असेही त्यांना आढळले. प्रयोगशाळेतील हे आकडे प्रत्येक संकेतस्थळाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु दिशा पुरेशी स्पष्ट आहे. असा वाचक जाहिरातीवर टिचकी मारतो तेव्हा शोधव्यवस्थेच्या सर्व कसोट्यांना तो उतरतो. तो माणूस आहे, त्याचा पत्ता खरा आहे, त्याची हालचाल नैसर्गिक आहे. म्हणून ती टिचकी 'वैध' ठरते आणि तिचे पैसे आकारले जातात.

कायद्याची दृष्टी येथे व्यवसायाच्या दृष्टीहून भिन्न आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०१५ मध्ये फसव्या स्वरूपाच्या जाहिरातींविषयी धोरणनिवेदन काढले आणि २०१६ मध्ये लॉर्ड अँड टेलर या विक्रीगृहाविरुद्ध कारवाई केली. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत नोंदविलेल्या तेरा प्रकारांत 'प्रच्छन्न जाहिरात' हा एक आहे. बातमी किंवा अन्य मजकुराच्या रूपात दडून ग्राहकाला टिचकी मारण्यास फसविणारी जाहिरात, असा त्याचा आशय आहे. म्हणजे कायदा जिला फसवून मिळविलेली टिचकी म्हणतो, तिला गाळणी वैध म्हणते. या विसंगतीची दखल व्यवसायाच्या मार्गदर्शक साहित्यात अभावानेच घेतली जाते.

गाळणीत अडकणारा निरपराध :

दुसरी मर्यादा उलट दिशेची आहे. मोबाइल जाळ्यांवर पुष्कळदा अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपी पत्ता वाटून दिला जातो. महाविद्यालयाचे वसतिगृह, ग्रंथालय किंवा संगणक-कक्ष येथेही बहुधा तेच घडते. एका पत्त्यावरून थोड्या वेळात अनेक टिचक्या आल्या, म्हणून पत्ता रोखला, तर शिक्षा सर्वांना होते.

येथे एक काल्पनिक हिशेब उपयुक्त ठरेल. एक लाख टिचक्यांपैकी दोन टक्के, म्हणजे २,००० टिचक्या यंत्रांच्या आहेत असे मानू. गाळणी त्यांतील ९० टक्के पकडते आणि माणसांच्या टिचक्यांपैकी केवळ ५ टक्के चुकून अवैध ठरविते. अशा वेळी १,८०० यंत्रे पकडली जातील. पण ९८,००० पैकी ४,९०० प्रामाणिक टिचक्याही त्यांच्याबरोबर जातील. रोखलेल्या एकूण ६,७०० टिचक्यांपैकी सुमारे ७३ टक्के माणसांच्या असतील. 'गाळणी ९० टक्के अचूक पकडते' हे विधान खरे असूनही दिशाभूल करणारे ठरू शकते, ते असे. लहान वृत्तसंकेतस्थळाचे उत्पन्न अशा चुकीच्या गाळणीने थांबले, तर व्याख्याच गुप्त असल्याने त्याला दाद मागण्यास आधार उरत नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून काही अपेक्षा मांडता येतात. व्याख्या पूर्णतः उघड करणे शक्य नसले, तरी टिचकी कोणत्या वर्गातील कारणाने गाळली, हे जाहिरातदार व संकेतस्थळ या दोघांनाही कळविता येते. किती टिचक्या गाळल्या याबरोबरच किती चुकून गाळल्या असाव्यात, याचाही अंदाज दिला पाहिजे. दाद मागण्याची सोय असावी आणि तिचा निर्णय माणसाने द्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, 'जाहिरात' हा शब्द वाचकाच्या भाषेत, मथळ्याइतक्याच ठळकपणे छापणे ही वैधतेचीच पूर्वअट मानली जावी. अशाने टिचक्या कमी होतील हे उघड आहे. मात्र ज्या उरतील त्या जाणूनबुजून मारलेल्या असतील.

खोटा वाचक शोधण्यासाठी उभारलेली यंत्रणा आवश्यकच आहे. परंतु तिने स्वीकारलेला वैधतेचा अर्थ अपुरा आहे. वाचकाच्या यंत्राची, पत्त्याची आणि बोटाच्या हालचालीची कसून तपासणी करणाऱ्या व्यवस्थेने त्याच्या समोर ठेवलेल्या मजकुराची तपासणी टाळावी, हे समर्थनीय नाही. माणसाने मारलेली टिचकी आणि माणसाने समजून मारलेली टिचकी या दोहोंत फरक आहे, आणि जाहिरातदार व वाचक या दोघांचेही हित दुसरीतच आहे.