तराजू कुणाच्या हातात?

परवा वर्गात निर्वासितांच्या आश्रयावर चर्चा निघाली. आमच्याच वस्तीतला एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, इथं आपलंच पोट भरत नाही, बाहेरच्यांना कशाला ठेवून घ्यायचं?" मला तेव्हा उत्तर सुचले नाही. ते येथे देत आहे.

राजकारणी एका पारड्यात मानवी हक्क ठेवतात आणि दुसऱ्यात देशाची सुरक्षितता. तराजू कुणाच्या हातात आहे, हे मात्र कुणी विचारीत नाही. मरीचझापीचा इतिहास यासाठी वाचला पाहिजे. १९४६ साली बाबासाहेब बंगालमधून घटनासमितीवर गेले ते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर. मंडल ज्या नमःशूद्र समाजाचे, त्यातले लक्षावधी लोक फाळणीनंतर निर्वासित झाले. पुष्कळांना दंडकारण्यात नेऊन टाकले. त्यांना बंगालातच वसवा, ही विरोधी बाकांवरच्या डाव्या पक्षांची मागणी होती. १९७७ साली ते सत्तेवर आले. त्या शब्दावर विसंबून हजारो माणसे १९७८ मध्ये सुंदरबनातील मरीचझापी बेटावर गेली; स्वकष्टाने शाळा, दवाखाना उभारला. सरकार आता राखीव जंगल आणि 'समांतर राज्य' अशी भाषा बोलू लागले. जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी झाली, गोळीबार झाला. मे महिन्यात वस्ती उठवली. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही.

पक्ष तोच, माणसे तीच. बाक तेवढे बदलले. म्हणजे आधीची भाषा हक्काची नव्हतीच, दयेची होती. आणि दया देणाऱ्याच्या सोयीने चालते. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही, आश्रयाचा स्वतंत्र कायदाही नाही. म्हणूनच २०१७ साली सरकार रोहिंग्यांना सरसकट सुरक्षेला धोका ठरवू शकले आणि २०१९ साली धर्म पाहून नागरिकत्वाचे दार उघडू शकले. त्या दारातून नमःशूद्रांनाही वाट मिळते, हे मी नाकारीत नाही. पण दार हक्काने उघडले की मर्जीने, हा प्रश्न उरतोच.

येणाऱ्याची चौकशी करूच नये, असे माझे म्हणणे नाही. पण गुन्हा माणसाचा असतो, जमातीचा नसतो. जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा आपल्या पारधी, कैकाडी बांधवांनी १९५२ पर्यंत भोगला आहे.

त्या विद्यार्थ्याला एवढेच सांगायचे आहे : मरीचझापीला गेलेलेही उपाशीच होते. त्यांना उठवून कुणा भुकेल्याच्या ताटात भाकर पडली नाही. उद्या आपली वस्ती उठवायची ठरली, तर हीच भाषा आपल्याला ऐकावी लागेल.