मुंबईचं नाव, गोव्याचं मैदान

२०२०-२१च्या इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीने लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, पण त्या अख्ख्या मोसमात मुंबईत एकही सामना झाला नाही. कोरोनामुळे अकराही संघ गोव्यात बायो-बबलमध्ये राहिले आणि मडगाव, बांबोळी, वास्को इथल्या रिकाम्या मैदानांवर खेळले.

खेळ मात्र देखणा होता. सर्जिओ लोबेराचा हा संघ गोलकीपर अमरिंदर सिंगपासून छोटे पास देत, समोरच्याला अंगावर येऊ देत पुढे सरकायचा. जाहू चेंडूचा वेग ठरवायचा, बूमू फटी शोधायचा. साखळीतल्या २० सामन्यांत ३५ गोल झाले. पण ही घडी बसली होती एफसी गोवात. लोबेरा, जाहू, बूमू, मुर्तदा फॉल, मंदार राव देसाई हे सगळे तिथूनच आलेले. आणि उपांत्य फेरीत मुंबईने हरवलं तेही गोव्यालाच, पेनल्टी शूटआउटमध्ये ६-५ने. सर्व्हर बदलला, कोड तोच.

मग हा संघ मुंबईचा कशामुळे? शहराचं क्लबशी नातं दोन गोष्टींनी जुळतं: भरलेली गॅलरी, आणि खालून वर येण्याची वाट. गॅलरी त्या वर्षी साथीने रिकामी केली. वाट मात्र आधीपासूनच बंद होती. त्याच मार्चमध्ये गोकुलम केरळाने आय-लीग जिंकली, तरी त्यांना वरच्या लीगमध्ये जागा मिळाली नाही.

जळगावात आम्ही ही लीग कायम मोबाइलवरच बघितली. त्या मोसमात अंधेरीचा प्रेक्षकही आमच्याच रांगेत येऊन बसला. त्याला पुढे गॅलरी परत मिळाली. आमच्याकडे परत मिळण्यासारखं काही नव्हतंच.

१३ मार्च २०२१च्या अंतिम सामन्यात मुंबईचाच अमेय रानवडे जबर धडक बसून कोसळला, त्याला रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मोहन बागानला २-१ने हरवलं. एवढा थरार, आणि ओरडायला मैदानात कुणीच नाही.

२०२३मध्ये पंजाब एफसी आय-लीग जिंकून वर आला, तेव्हा ती वाट पहिल्यांदा उघडली. माझ्या मते या लीगसाठी ती घटना मुंबईच्या दोन्ही करंडकांपेक्षा मोठी आहे. खानदेशातल्या एखाद्या क्लबला तिथवर पोचायला कदाचित पन्नास वर्षं लागतील. पण आता निदान मोजायला पायऱ्या तरी आहेत.