१९५३ सालातील आमच्या आवडीचे चित्रपट

आवड आणि गुणवत्ता या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे काव्यविचारात आपण केव्हाच मान्य केले आहे. एखाद्या कवीची थोरवी निःशंकपणे कबूल करूनही त्याचा संग्रह कधी उशाशी न ठेवणारे रसिक आपल्या सर्वांच्याच परिचयाचे असतात. चित्रपटाविषयी बोलू लागताच मात्र हा विवेक सुटतो. जो आवडला तो श्रेष्ठ, आणि ज्याला पदक लाभले तो आवडलाच पाहिजे, अशी समजूत चांगल्या शिकलेल्या मंडळींतही आढळते. म्हणून १९५३ या एकाच सालातले आमच्या आवडीचे चित्रपट निवडून त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. काळाची मर्यादा घातली म्हणजे तुलना आपोआप घडते, आणि आवडीला कारणे द्यावी लागतात. हेच साल का, असे कोणी विचारील तर उत्तर सोपे आहे. ‘श्यामची आई’ आणि ‘दो बिघा जमीन’ हे दोन्ही चित्रपट त्या एका वर्षाने आपल्याला दिले.

१९५४ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय चित्रपट पारितोषिके प्रथमच देण्यात आली, तेव्हा १९५३ च्या सर्वोत्कृष्ट कथाचित्राचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले आणि ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपणां मंडळींना या निकालाचा अभिमान वाटतो, आणि तो स्वाभाविकही आहे. पण अभिमानाने मत बनू नये. आमचे मत विचाराल तर, त्या दिवशी परीक्षकांच्या आसनावर आम्ही असतो तर ते पदक आम्ही बिमल रॉय यांच्या हाती दिले असते. आणि तरीही आमच्या आवडीच्या यादीत पहिले नाव ‘श्यामची आई’चेच राहिले असते. या विधानातील विसंगती वरवरची आहे, हे दाखविणे हाच या लेखाचा हेतू आहे.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे आचार्य अत्र्यांनी पडद्यावर आणलेली आई त्यांनी पाहिली नाही. आज हे पुस्तक आपण मुलांच्या हाती संस्कारांची पोथी म्हणून देतो. शाळाशाळांतून त्यातले निवडक प्रसंग वाचून दाखविले जातात आणि प्रत्येकाखाली एकेक बोधवाक्य लिहून घेतले जाते. या भक्तीने पुस्तकाचे थोडे नुकसानच केले आहे, असे आम्हांस वाटते. कारण त्या सुबोध गोष्टींच्या तळाशी एक अत्यंत निष्ठुर कथानक आहे, ते म्हणजे कर्जाचे. पालगडचे एक खोताचे घर कज्जेदलालीत आणि सावकारीत कसे बुडत जाते, घरातल्या बाईच्या अंगावरचा एकेक दागिना कसा उतरतो, दाराशी बसलेल्या वसुलीच्या माणसापुढे कुळवंत घराची लाज कशी वेशीवर टांगली जाते, हे गुरुजींनी डोळे न मिटता सांगितले आहे. एका प्रकरणाच्या शीर्षकातच त्यांनी कर्जाला जिवंतपणीच्या नरकाची उपमा दिली आहे. आईची शिकवण थोर वाटते ती या पार्श्वभूमीवर. जिच्या पायाखालची जमीन रोज थोडी थोडी सरकते आहे, अशी ती बाई मुलाला सरळ उभे राहायला शिकविते.

अत्र्यांच्या चित्रपटाला हे कळले होते काय? पुष्कळ अंशी कळले होते. दिग्दर्शक म्हणून अत्रे रंगभूमीचे. त्यांची पात्रे एका रांगेत उभी राहून बोलतात, संवाद संपेपर्यंत कॅमेरा अदबीने थांबतो, आणि जे नजरेने सांगता आले असते ते पुन्हा शब्दांनी सांगितले जाते. पण त्यांनी आईच्या भूमिकेसाठी वनमालाबाईंना निवडले, आणि तेथेच अर्धी लढाई जिंकली. ग्वाल्हेरच्या वाचकांना त्यांच्याविषयी आम्ही काही सांगण्याची गरज नाही. ‘सिकंदर’ (१९४१) या चित्रपटात रुक्सानेच्या ऐश्वर्यात वावरलेली ही रूपवती नटी येथे जुनेरे नेसून उभी राहते, आणि तिचा घरंदाजपणा त्या जुनेऱ्यात अधिकच उठून दिसतो. पडते दिवस दाखवायचे तर आधीचे दिवस चेहऱ्यावर शिल्लक असावे लागतात. ते या चेहऱ्यावर आहेत. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती फोकाने मारीत विहिरीकडे पाठविते, तो प्रसंग पाहावा. मारणाऱ्या हाताइतकेच तिचे डोळेही त्या प्रसंगात काम करतात. मुलगा भित्रा म्हणून हिणवला जाईल ही भीती त्या डोळ्यांत आहे, आणि घराला आता दुसरी काहीच मिळकत उरलेली नाही हेही त्यात आहे. माधव वझे या बालनटाचा श्याम कोठेही गोंडस होण्याचा प्रयत्न करीत नाही. वसंत देसाईंचे संगीत या घराच्या मापाचे आहे, त्याहून मोठे होऊ पाहत नाही.

आता ‘दो बिघा जमीन’. येथेही कर्जच आहे. शंभू महतोच्या हिशेबाने पासष्ट रुपये, आणि कचेरीच्या कागदाने दोनशे पस्तीस. मुदत तीन महिन्यांची. जमीनदाराला गिरणीसाठी त्याची दोन बिघे जमीन हवी आहे. शंभू कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो, पोर बूटपॉलिश करू लागते, आणि ज्या गतीने पैसा साठतो त्याहून अधिक गतीने संकटे साठतात. सलील चौधरींच्या कथेवरून हृषीकेश मुखर्जींनी पटकथा रचली आणि संकलनही त्यांनीच केले. १९५२ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात इटलीचे नववास्तववादी चित्रपट येथल्या कलावंतांनी पाहिले होते, त्यांचा ठसा या कृतीवर उघड आहे. पण उसनवारीचा आरोप करणाऱ्यांनी एकच दृश्य आठवावे. दोन रिक्षांत बसलेली उतारू मंडळी गमतीखातर शर्यत लावतात, वेगासाठी पैसे वाढवीत जातात, शंभू घोड्यासारखा धावतो, आणि शेवटी चाक निखळते. या दृश्यात एकही वाक्य उपदेशाचे नाही. या भूमिकेसाठी बलराज साहनींनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर रिक्षा ओढण्याचा सराव केला होता. पडद्यावर त्या सरावाचे प्रदर्शन होत नाही. पाठीचा बाक तेवढा दिसतो.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की एक अवघड प्रश्न पुढे येतो, आणि आपल्या समीक्षेने तो टाळला आहे. श्यामचे घर खोताचे. खोत म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणारा, गावातला मानकरी. त्याचे बुडणे आपल्याला हृदयद्रावक वाटते. शंभू हा अशाच एखाद्या मानकऱ्याच्या हाताखालचा माणूस. मुंबई राज्यात खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा, आणि पश्चिम बंगालमधील जमीनदारी संपविणारा कायदा तर १९५३ चाच. म्हणजे ज्या व्यवस्थेच्या ढासळण्यावर एक चित्रपट अश्रू ढाळतो, तिच्याच वरवंट्याखाली सापडलेल्या माणसाची कहाणी दुसरा सांगतो. श्यामच्या वडिलांच्या कुळांचे काय झाले, हे अत्र्यांच्या चित्रपटाला विचारावेसे वाटत नाही. खरे तर आईने शिकविलेली माणुसकी त्याच प्रश्नाकडे बोट दाखविते, पण चित्रपट त्या बोटाच्या दिशेने फार लांब जात नाही. ‘दो बिघा जमीन’ मात्र शेवटपर्यंत जातो. जमीन लिलावात गेली, तीवर कारखाना उभा राहिला, आणि शंभूने आपल्याच मातीतून उचललेली मूठभर मातीसुद्धा पहारेकऱ्याने त्याला टाकायला लावली. पदक याला, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

मग आवड पहिली ‘श्यामची आई’ची का? कारण शंभूचे दुःख आम्ही पाहतो, आणि श्यामच्या आईची भाषा आम्ही बोलतो. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर दुसरी भाषा अशा गावी ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना त्या बाईच्या रागावण्यातला एकेक साधा शब्द कोठून येतो हे ठाऊक असते. याला कोणी पक्षपात म्हणेल, तर आम्ही तो नाकारीत नाही. तो गुणवत्तेच्या खात्यावर मांडू नये, इतकाच आमचा आग्रह आहे.

बिमल रॉय यांचाच ‘परिणीता’ही याच सालचा. शरच्चंद्रांच्या या कथेतही घर गहाण पडलेले आहे, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा. मीनाकुमारींची ललिता आणि अशोककुमारांचा शेखर यांच्यातील अबोल्यावर हा चित्रपट तरला आहे. ज्यांना बंगाली कादंबऱ्या मराठी अनुवादांतून प्रिय झाल्या, त्यांना तो आवडेलच. ‘अनारकली’ त्या साली लोकांनी डोक्यावर घेतला. आम्ही तो सी. रामचंद्रांच्या संगीतासाठी कितीदाही ऐकू, पाहण्याचा आग्रह मात्र धरणार नाही. आणि सोहराब मोदींची ‘झाँसी की रानी’? टेक्निकलरमध्ये निघालेला हा पहिला भारतीय चित्रपट, हॉलिवुडहून आणलेला छायालेखक, अपार खर्च. इतके करूनही मोरोपंत तांब्यांची मनू त्यात आम्हांस भेटली नाही. पोशाख भेटले. ज्या ग्वाल्हेरच्या मातीत राणीने १८५८ च्या जूनमध्ये देह ठेवला, तेथल्या रसिकांनाही तो चित्रपट आपला वाटला असेल असे आम्हांस वाटत नाही. धंद्याच्या दृष्टीनेही तो पडलाच.

शेवटचा चित्रपट परदेशी आहे. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा ‘तोक्यो मोनोगातारी’ १९५३ सालीच प्रदर्शित झाला, पण आपल्याकडील रसिकांच्या दृष्टीस तो फार उशिरा पडला. ओनोमिची गावचे म्हातारे जोडपे मुलांना भेटायला टोकियोला येते. मुलगा डॉक्टर, मुलीचे केशभूषेचे दुकान. दोघांनाही सवड नाही. आईबापांना आतामीच्या उन्हाळी झऱ्यांवर पाठवून देतात. त्यांची खरी विचारपूस करते ती युद्धात हरवलेल्या मुलाची विधवा नोरिको. परत आल्यावर आई मरते, मुले येतात, रडतात आणि गाडीची वेळ पाहतात. ओझूंचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर ठेवलेला असतो आणि तो जवळजवळ हालतच नाही. ज्या स्थिरपणाचा दोष आम्ही अत्र्यांना दिला, तोच येथे शैली कसा होतो, हे अभ्यासकांनी अवश्य पडताळून पाहावे. अत्र्यांचा कॅमेरा बोलणे संपण्याची वाट पाहतो. ओझूंचा कॅमेरा माणसे उठून गेल्यावरही त्या रिकाम्या खोलीत बसून राहतो.

धाकटी मुलगी क्योको शाळेत शिक्षिका आहे. भावंडांच्या स्वार्थाचा तिला संताप येतो, आणि नोरिको तिला समजावते की मोठेपणी प्रत्येकाला आपापला संसार असतो. आपणही कदाचित तसेच होऊ. यानंतर म्हातारा सासरा नोरिकोला बायकोचे घड्याळ देतो. श्यामच्या आईच्या मरणाशी ताडून पाहावे असे मरण १९५३ च्या चित्रपटांत आम्हांस हे एकच आढळले. तेथे मुलगा आईच्या आठवणींतून साऱ्या आयुष्याला पुरेल एवढे धन घेऊन जातो. येथे पोटची मुले फारसे काही नेत नाहीत, आणि सून परतीच्या गाडीत ते घड्याळ हातात धरून बसलेली असते.