सांगितलं म्हणजे पोहोचलं का?

(वडसा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसानं कोडवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण प्रश्न जुनाच आहे. मी बोललो आणि कुणी ऐकलंच नाही, तर ‘मी सांगितलं’ असं म्हणता येईल का?

दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यासाठी मी धान विक्रीच्या नोंदणीचा ऑनलाइन अर्ज भरला. ‘नोंद झाली’ अशी हिरवी पट्टी आली. काटा सुरू झाला तेव्हा यादीत नाव नाही! हमीभाव गेला, धान व्यापाऱ्याला द्यावं लागलं. माझा एक जुना विद्यार्थी वेबसाइट बनवतो. त्यानं ते पान उघडून पाहिलं आणि म्हणाला, “सर, कळवणाऱ्यानं इव्हेंटचं नाव एक लिहिलंय, ऐकणाऱ्यानं दुसरं. मधे एक आडवी रेघ जास्त आहे, बस.”

आता हे काय प्रकरण आहे? आजचं वेब-पान लहान लहान भागांचं, म्हणजे कंपोनंटचं बनतं. एका भागात काही घडलं की तो कस्टम इव्हेंट पाठवतो. त्यात एक नाव असतं आणि ‘डिटेल’मध्ये माहिती. ज्याला हवं त्यानं त्या नावाला लिसनर लावून ठेवायचा. म्हणजे कोतवालाची दवंडी! कोण ऐकतंय हे कोतवालाला ठाऊक नसतं. या पद्धतीची स्तुती अशी की भाग एकमेकांना बांधलेले राहत नाहीत, एक बदलला तरी दुसरा मोडत नाही. स्तुती खरी आहे, पण अर्धी.

उरलेलं अर्धं बघा. इव्हेंट पाठवण्याची आज्ञा आहे ‘डिस्पॅचइव्हेंट’. ती परत काय देते? ‘ट्रू’, म्हणजे खरं. एखाद्या लिसनरनं मुद्दाम रोखलं तरच ‘फॉल्स’, आणि तेही इव्हेंट रोखता येण्याजोगा ठरवला असेल तर. कुणीच ऐकलं नाही, तरी ट्रू! ऐकणाऱ्याच्या कोडमध्ये चूक होऊन तो मधेच कोसळला, तरी पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही. आणखी एक. असा इव्हेंट मुद्दाम सांगितल्याशिवाय वरच्या भागांकडे चढत नाही. ‘बबल्स’ चालू करावं लागतं. शॅडो डॉमची भिंत ओलांडायची तर ‘कंपोज्ड’ही. हे विसरलात तर चूक दिसत नाही, फक्त शांतता असते.

ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन १९५५ साली हार्वर्डच्या व्याख्यानांत म्हणाले होते की बोलणं हीसुद्धा कृती आहे. पण समोरच्यानं ते त्या अर्थानं घेतल्याशिवाय ती कृती पुरी होत नाही. इशारा कुणी ऐकलाच नाही, तर मी इशारा दिला असं होत नाही. त्या हिरव्या पट्टीनं नेमकं हेच खोटं केलं. ओरडून झालं, एवढ्यावर ‘पोहोचलं’ असं जाहीर केलं.

आपलं वडसा नाटक कंपन्यांचं गाव. झाडीपट्टीचा प्रॉम्प्टर तुम्ही पाहिलाय. तो वाक्य देतो आणि नटाकडे बघतो. नटानं उचललं नाही, तर पुन्हा देतो, जरा मोठ्यानं. दवंडी आणि प्रॉम्प्टिंग यांतला फरक एवढाच. आमच्या धानाच्या अर्जाला प्रॉम्प्टर हवा होता, लावला कोतवाल.

हे फक्त म्हाताऱ्याचं कुरकुरणं नाही. व्ह्यू नावाच्या प्रणालीत अख्ख्या अ‍ॅपसाठी एकच दवंडीचा चौक करायची चाल होती, त्याला ‘इव्हेंट बस’ म्हणत. २०२० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीनं त्यासाठी लागणाऱ्या ‘ऑन’, ‘ऑफ’ या सोयी काढूनच टाकल्या. मुलानं पालक-भागाला कळवायचं ‘एमिट’ मात्र ठेवलं, आणि कोणते इव्हेंट पाठवणार ते ‘एमिट्स’मध्ये आधी जाहीर करायची जागा दिली.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘असं झालं’ हे कळवायला इव्हेंट चांगला. ‘हे कर’ असं सांगायचं असेल, तर थेट हाक मारा आणि उत्तराची वाट बघा. नावं एकाच फाइलीत लिहा, दोघांनीही तिथूनच घ्यावीत. आणि हिरवी पट्टी पाठवणाऱ्यानं लावायची नाही. जतन करणाऱ्याचा होकार आल्यावरच लावायची.

तुमच्यातली काही मुलं उद्या असे अर्ज बनवतील. पट्टी लावताना पलीकडे पोती भरून बसलेला माणूस आठवा. एवढंच. आता प्रश्न विचारा.