गार्रा चारूआ : एका शब्दाची उलटतपासणी

मंडळी, उरुग्वेच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा इतिहास कुठेही वाचायला घ्या, दोन शब्द भेटल्याशिवाय राहत नाहीत : 'गार्रा चारूआ'. गार्रा म्हणजे पंजा, नखी. चारूआ हे तिथल्या एका मूळ जमातीचं नाव. हातचा गेलेला सामनाही न सोडणारी जिद्द, असा त्याचा रूढ अर्थ. कौतुकाचा शब्द म्हणून आमची काही तक्रार नाही. पण हाच शब्द जेव्हा इतिहासाचं कारण म्हणून सांगितला जातो, तेव्हा तो तपासायला हवा.

आता बघा, या कारणाची गंमत काय आहे. १९३० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे होता. उरुग्वेने ४-२ ने जिंकला. का? गार्रा होती म्हणून. पुढे १९७८, १९८२, १९९४, १९९८ आणि २००६ या विश्वचषकांना हा संघ पात्रच ठरला नाही. का? गार्रा उरली नाही म्हणून! जिंकलं तरी तेच उत्तर, हरलं तरी तेच. जे कारण कधीच चुकू शकत नाही, ते काहीच सांगत नाही. तर्कशास्त्रात याला आपण चक्रापत्ती म्हणतो.

मग खरी कारणं कुठे शोधायची? युरोप महायुद्धात अडकलेला असताना, १९१६ मध्ये, दक्षिण अमेरिकेची राष्ट्रीय संघांची स्पर्धा सुरू झाली. शेजारच्या अर्जेंटिनाशी सतत गाठ पडायची. त्या घासाघाशीतून तयार झालेला संघ १९२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला गेला आणि पहिल्याच सामन्यात युगोस्लाव्हियाला त्याने ७-० ने हरवलं. सात गोलांच्या विजयात चिवटपणा कसला? युरोपचे प्रेक्षक थक्क झाले ते आखूड पासेस आणि चेंडूवरचा ताबा पाहून. ती कला होती, आणि कला शिकावी लागते.

१९५० चा माराकाना घ्या. ब्राझीलला बरोबरीही पुरली असती. त्यांनी पहिला गोल केला, तेव्हा उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला चेंडू काखेत धरून इंग्रज पंचांशी ऑफसाइडवरून हुज्जत घालत राहिला. प्रचंड गर्दीचा जोश थोडा थंड होईपर्यंत त्याने वेळ काढला. नंतर शियाफिनो आणि गिज्जा यांनी गोल केले आणि सामना २-१ ने फिरला. वारेलाला गार्राचा पुतळा मानतात. आम्हाला मात्र त्यात थंड डोक्याचा हिशेब दिसतो.

आता त्या शब्दाचा दुसरा अर्धा भाग. १८३१ मध्ये साल्सिपुएदेस इथे, पहिले राष्ट्राध्यक्ष रिवेरा यांच्या सैन्याने चारूआंची कत्तल केली. वाचलेल्यांपैकी चौघांना १८३३ मध्ये पॅरिसला नेऊन प्रदर्शनात मांडलं. त्याच पॅरिसमध्ये ९१ वर्षांनी त्याच देशाचा संघ डोक्यावर घेतला गेला. ज्यांना संपवलं, त्यांचंच नाव पुढे विजयाला चिकटवलं गेलं.

आणि प्रत्यक्ष खेळले कोण? १९१६ मध्ये ग्रादीन आणि देल्गादो हे कृष्णवर्णीय खेळाडू संघात होते. ४-० ने हरल्यावर चिलीच्या मंडळींनी तक्रार केली की, उरुग्वेने आफ्रिकी माणसं खेळवली. पॅरिस गाजवणारा होसे लेआंद्रो आंद्रादेही कृष्णवर्णीय. तो १९५७ मध्ये गरिबीत वारला. 'चारूआ रक्ताची' गोष्ट सांगताना हा हिशेब झाकला जातो.

कुणी म्हणेल, लोकांना आवडतो तो शब्द, असू द्या की. जरूर असू द्या. गॅलरीत घोषणा व्हाव्यात, इतिहासात मात्र उत्तरं हवीत. २००६ नंतर, पूर्वी शाळेत शिकवणारे ओस्कार ताबारेस यांनी कुमार संघांपासून वरिष्ठ संघापर्यंत एकच शिस्त लावली. २०१० मध्ये चौथा क्रमांक आला, २०११ मध्ये कोपा अमेरिका. हे पंजाचं काम नव्हे, पाठाचं काम आहे.

त्या चौघांपैकी वाईमाका पेरूचे अवशेष २००२ मध्ये पॅरिसहून मोंटेविडिओला परत आले. म्हणजे देशाने ती आठवण मान्य केली आहे. फुटबॉलच्या इतिहासकारांनीही करावी, एवढंच आमचं मागणं. चारूआ म्हणायचं असेल तर साल्सिपुएदेसही सांगावं लागेल. आता प्रश्न घेऊ.