गुरुगुह-विभक्तिकृती : व्याकरण आणि गुरुभक्ती

कर्नाटक संगीतातील तीन थोर रचनाकारांची तुलना फळांच्या साहाय्याने करण्याची चाल जुनी आहे. त्यागराजांची रचना द्राक्षासारखी, श्यामाशास्त्रींची केळ्यासारखी आणि मुत्तुस्वामी दीक्षितांची (१७७५–१८३५) नारळासारखी, असे म्हटले जाते. उपमा सोयीची खरी. परंतु तिच्या आधाराने एक अपसमज बळावला आहे. त्यागराजांच्या ठायी भाव आणि दीक्षितांच्या ठायी पांडित्य, अशी सरधोपट वाटणी पुष्कळदा केली जाते, आणि दाखला म्हणून दीक्षितांच्या विभक्तिकृतींकडे बोट दाखविले जाते. विभक्तींचे तक्ते गाऊन दाखविणाऱ्याच्या ठिकाणी भक्तीचा ओलावा कोठून असणार, असा हा आक्षेप आहे. गुरुगुहावरील आठ कृतींच्या आधारे तो तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

'गुरुगुह' हे स्कंदाचे नाव. दीक्षितांची मुद्राही तीच. तिरुत्तणीच्या सुब्रह्मण्यक्षेत्री एका वृद्धाने दीक्षितांच्या मुखात खडीसाखर घातली आणि त्यांची पहिली कृती स्फुरली, असे परंपरा सांगते. ती कृती म्हणजे मायामाळवगौळ रागातील 'श्रीनाथादि गुरुगुहो जयति'. हिच्यात प्रथमा आहे. पुढील सात कृती आनंदभैरवी, पाडी, साम, बलहंस, पूर्वी, भानुमती आणि उदयरविचंद्रिका या रागांत असून त्यांत द्वितीयेपासून संबोधनापर्यंतची रूपे अनुक्रमाने येतात.

आक्षेपकाच्या बाजूने एक गोष्ट आधीच मान्य केली पाहिजे. स्तोत्रात सर्व विभक्ती गुंफणे हा संकेत दीक्षितांनी निर्माण केलेला नाही. रामरक्षेतील रामनामाच्या आठही विभक्ती साधणारा श्लोक मराठी वाचकास बालपणापासून पाठ असतो. स्वतः दीक्षितांनीही कमलांबा, नीलोत्पलांबा, अभयांबा आणि तिरुवारूरचा त्यागराजस्वामी यांच्यावर अशाच माला रचल्या आहेत. तेव्हा केवळ आठ विभक्ती आल्या म्हणून या मालेस अर्थगौरव प्राप्त होत नाही. तथापि एकेका विभक्तीचे प्रयोग अनेक असतात. त्यांतून कोणता निवडावा, हे संकेत ठरवीत नाही. ते रचनाकार ठरवितो. विवेचनाचा खरा विषय ही निवड होय.

पहिल्या कृतीत कर्ता गुरू आहे. जय त्याचा आहे. तेथे 'अहम्' येतो, पण 'इति' या शब्दाच्या कक्षेत. 'चिदानंदनाथ तो मीच' हे ऐक्य हृदयात चिंतावयाचे वाक्य म्हणून सांगितले आहे. ते अजून अनुभवाचे विधान नव्हे. दुसऱ्या कृतीच्या पल्लवीत मनाला आज्ञा केली आहे आणि गुरुगुहाचे रूप त्या भजनाचे कर्म आहे. तिसरीत भक्त प्रथमच स्वतःविषयी बोलतो, आणि तोही कर्मणिरचनेत : गुरूने पाळलेला असा मी आहे. तृतीया ही करणाचीही असते व कर्त्याचीही (अष्टाध्यायी २.३.१८). गुरू हे मोक्षाचे साधन आहे, असे म्हणून येथे करणतृतीया सहज योजिता आली असती. दीक्षितांनी कर्तृतृतीया निवडली. वाक्यात प्रथमा भक्ताला मिळाली. क्रियेचे कर्तृत्व मात्र गुरूकडेच राहिले.

चौथ्या कृतीतील चतुर्थी दानाची नव्हे, 'नमः' या पदाच्या योगाने आलेली आहे (२.३.१६). गुरूला अर्पण करण्याजोगे भक्तापाशी नमनावाचून काही नाही, असा याचा आशय घेता येतो. पाचवी कृती तर या मालेचे मर्मस्थान म्हणावी लागेल. पंचमीचा मुख्य अर्थ अपादान, म्हणजे दुरावणे (१.४.२४). गुरुभक्तीच्या गीतात हा अर्थ अडचणीचाच. दीक्षितांनी 'अन्य' शब्दाच्या योगाने होणारी पंचमी (२.३.२९) घेतली आणि तिला नकार जोडला : गुरुगुहाहून अन्य मी जाणत नाही. वियोगाच्या विभक्तीकडूनच अनन्यत्व वदवून घेतले आहे. याला निव्वळ तक्ता म्हणणे कठीण आहे.

षष्ठी ही कारकविभक्ती नव्हे. ती संबंध सांगते. सहाव्या कृतीत हा संबंध दास्याचा आहे. परंतु त्याच पल्लवीत दीक्षित पुढे म्हणतात की, तसे नसेल तर मी गुरुगुहच आहे. म्हणजे षष्ठीच्या गीतात गुरुगुह पुन्हा प्रथमेत येतो आणि पहिल्या कृतीत 'इति'ने वेढलेला 'अहम्' येथे मोकळा होतो. यानंतर भक्ती संपावयास हवी होती. उलट सातव्या कृतीत गुरुगुहस्वामीच्या ठायी 'भक्ति करितो' असे विधान येते. पल्लवींपुरते पाहिले तर भक्ताचे क्रियापद तिसऱ्या कृतीत कर्मणी, पाचव्यात नकारयुक्त आणि सातव्यातच प्रथम कर्तरी व होकारार्थी आहे. ऐक्याच्या उच्चारानंतरच भक्ताला कर्तृत्व लाभते, हा क्रम अर्थपूर्ण आहे. शेवटी संबोधन, आणि पाणिनीच्या मते संबोधनातही प्रथमाच असते (२.३.४७). माला जेथून निघाली तेथेच परतते, मात्र आता गुरू समोर आहे.

संगीताची साक्षही याच्याशी विसंगत नाही. मायामाळवगौळ हा कर्नाटक पद्धतीत विद्यार्थ्याच्या पहिल्या पाठांचा राग. पहिल्या कृतीचा आरंभ त्याच्या आरोह-अवरोहाच्या सरळ क्रमाने होतो. गुरूच्या जयजयकाराला विद्यारंभाचीच स्वरवाट दिली आहे.

त्यागराजांची (१७६७–१८४७) वाट निराळी आहे. गौरीमनोहरीतील 'गुरुलेक एटुवंटि' या तेलुगू कृतीचा भार विभक्तिप्रत्ययावर नसून 'लेक', म्हणजे 'नसता', या नकारार्थी धातुसाधितावर आहे. गुरूची महती त्याच्या अभावातून सिद्ध केली आहे. धन्यासीतील 'नी चित्तमु निश्चलमु' मध्ये गुरू म्हणजे गढूळ पाणी स्वच्छ करणारी निवळीची बी, किड्याला आपले रूप देणारा भृंग आणि सूर्य, अशी क्रियापदरहित विधाने ओळीने येतात, आणि तो गुरू म्हणजे रामच असे मानले आहे. येथे विधान थेट व झटपट पोहोचते; दीक्षितांचे संबंधागणिक उलगडत जाते. हा भेद भाव आणि पांडित्य यांच्यातील नसून दोन भाषांच्या सामर्थ्याचा आपापल्या परीने केलेल्या उपयोगाचा आहे.

दीक्षितांच्या मालेची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. परंपरेनुसार ज्यांनी त्यांना काशीस नेऊन श्रीविद्येची दीक्षा दिली, ते चिदंबरनाथ योगी येथे नामनिर्देशाने येत नाहीत. पहिल्या कृतीत श्रीविद्येच्या गुरुमंडलाचा उल्लेख आहे, 'माझा श्रेष्ठ गुरू' असाही शब्द आहे. पण व्यक्ती देवतेत विलीन झाली आहे. त्यागराजांच्या 'नारद गुरुस्वामी' या दरबार रागातील कृतीतही गुरू म्हणून हाक जाते ती नारदाला. मानवी गुरूचे नाव पुढे स्पष्टपणे येते ते म्हैसूर वासुदेवाचार्यांच्या (१८६५–१९६१) कल्याणीतील 'श्रीमदादि त्यागराज गुरुवरम्' सारख्या कृतीत. पट्टणम् सुब्रह्मण्य अय्यर आणि मानंबुचावडी वेंकटसुब्बय्या यांच्याद्वारा त्यागराजांपर्यंत पोहोचणाऱ्या शिष्याने ते घेतले आहे, आणि तेही द्वितीयेत. ज्याने गुरूला देवतेत पाहिले, तोच पुढच्या पिढ्यांना स्मरणाचा विषय झाला.

दीक्षितांच्या आठ कृतींत व्याकरण हे भक्तीवर चढविलेले भूषण नाही. गुरू आणि शिष्य यांच्यात कर्ता कोण, हा गुरुभक्तीचा मूलभूत प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्याचे साधन कारकविचारापेक्षा अधिक नेमके क्वचितच सापडेल. नारळाची उपमा कायम ठेवावयाची असेल, तर करवंटीबरोबर आतील पाण्याचाही हिशेब समीक्षेने ठेवावयास हवा.